साडेतीन तारे: इंग्लंडच्या जुन्या सेन्ससची वर्गणीवाली साईट आणि सासऱ्यांच्या खापरपणजोबांचं गाव

आधी मार्क सांगून टाकते, नाहीतर नमनाला घडाभर तेल व्हायचं. इंग्लंडमधले जुने सेन्सस घरबसल्या दाखवणाऱ्या ज्या दोन-तीन मोठ्या पैसेवाल्या साईटी आहेत त्यातल्या एकीचं सबस्क्रिप्शन मी चार महिने वापरलं. नाव देत नाहीये, कारण खाली बरीच कुरकुर आहे. मूळ पानांचे फोटो: पाचपैकी पाच. सर्च: तीन. त्यांनी टाईप करून ठेवलेली माहिती: अडीच. आणि ते जे 'हे तुमचे पूर्वज असू शकतात' म्हणून सुचवत राहतात त्याला शून्य, उणे देता आले असते तर तेही दिले असते. एकूण साडेतीन तारे. गणित जुळत नाही हे माहितेय, फोटोंचं वजन जास्त धरलंय.

आता हे खूळ कुठून आलं ते. मी वाईची, लग्न करून लेस्टरला आले त्याला अकरा वर्षं झाली, नवरा इथलाच, गोरा. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. जेवताना आईने माझ्या सासऱ्यांना विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? मी इंग्लिशमध्ये करून सांगितलं. ते म्हणाले लेस्टर. आई म्हणाली, ते राहायचं झालं, मूळ कुठलं? मी परत सांगितलं. ते परत म्हणाले लेस्टर. आई माझ्याकडे बघून म्हणाली, यांना प्रश्न कळला नाहीये. सासऱ्यांना प्रश्न चांगला कळला होता, उत्तर नव्हतं. त्यात त्यांची धाकटी बहीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली की आजी सांगायची आपण मूळचे नॉरिचकडचे, शूज करणारे. सासरे म्हणाले काहीतरीच, आपण कायमचे लेस्टरचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा भाऊ आणि चौऱ्याहत्तर वर्षांची बहीण यांच्यात जे काय झालं ते बघून बाबा हळूच म्हणाले, आपल्याकडच्या बांधाच्या भांडणासारखंच आहे की.

आपल्याकडे कसं, निम्म्या लोकांच्या आडनावातच गाव असतं, 'कर' काढला की एसटीचा बोर्ड. नाहीतर त्र्यंबकेश्वरला जायचं, आपल्या घराण्याचे उपाध्ये शोधायचे, ते चोपडा काढतात आणि त्यात आजोबांची सही निघते. मी स्वतः बघितलीय आमच्या आजोबांची, निळ्या शाईतली, खाली कोणकोण बरोबर आलं होतं त्यांची नावं. इथे ती सोय नाही. पण यांच्याकडे सेन्सस आहे, आणि तो चोपडा इतका भारी आहे की मी चार महिने रात्री अकरानंतर दुसरं काही केलं नाही.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते ती १८०१ पासून, पण पहिल्या चार वेळा मुख्यतः डोकीच मोजली, नावं असलेली पहिली देशभरची म्हणजे १८४१ ची. माणसांची माहिती शंभर वर्षं बंद ठेवतात, म्हणून १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत उघडली. त्याच्या पुढची लवकर मिळेल म्हणून वाट बघू नका, १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. म्हणजे हातात काय, तर १८४१ ते १९२१. आणि जन्मगावाच्या बाबतीत या सगळ्या सारख्या नाहीत, हे साईट कुठेही धड सांगत नाही. १८४१ मध्ये गाव विचारलंच नव्हतं, एवढंच विचारलं होतं की याच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा) जन्म झाला का, उत्तर हो किंवा नाही, आणि बाहेरचा असेल तर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेश. त्यात पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची असा नियम, म्हणजे चौतीस वर्षांचा माणूस तीस होतो. कोण कोणाचं कोण तेही लिहिलेलं नाही. आणि सगळं पेन्सिलीने! १८५१ पासून मात्र गाव आणि काउंटी दोन्ही विचारलं, नातं विचारलं, वय नीट विचारलं. खरा खजिना तिथून पुढे.

तर सासऱ्यांचे खापरपणजोबा, विल्यम. आडनाव देत नाही, इथे ते आपल्याकडच्या जाधव-पाटलांसारखं पसरलेलं आहे. फ्री ट्रायल चौदा दिवसांची होती, कार्ड नंबर टाकला (इथेच माझी पहिली चूक, पुढे सांगते), नाव टाकलं, लेस्टर टाकलं, आणि दहा मिनिटांत १८७१ चं पान समोर. विल्यम, वय ३८, धंदा शूमेकर, जन्म लेस्टरशर, गाव वायमंडहॅम. स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर वायमंडहॅम. मी लगेच नकाशा काढला, आणि खरंच लेस्टरशरच्या पूर्वेला, मेल्टन मोब्रेच्या पुढे, या नावाचं गाव आहे, स्टिल्टन चीजच्या इतिहासात नाव येतं ते. सासऱ्यांना फोटो पाठवला. त्यांनी तो बहिणीला फॉरवर्ड केला, सोबत अंगठा. आणि मी मनात म्हटलं झालं काम, दहा मिनिटांत, उगाच लोक म्हणतात अवघड असतं.

साईटने पण लगेच टाळ्या वाजवल्या. 'तुमच्या पूर्वजाशी जुळणारी १४ झाडं सापडली.' झाडं म्हणजे इतर लोकांनी बनवलेले वंशवृक्ष. चौदाच्या चौदा झाडांवर विल्यमचा जन्म वायमंडहॅम, लेस्टरशर. म्हटलं चौदा माणसं चुकीची कशी असतील? तर असतात. मेंढरं असतात तशी. एकाने १८७१ चं पान बघितलं, बाकीच्या तेरांनी त्याचं बघून बटण दाबलं. त्यातल्या एका झाडात तर विल्यम स्वतःच्या आईच्या आधी दोन वर्षं जन्मलाय, तरी पुढच्यांनी तसंच उचललंय. म्हणून शून्य मार्क. हे फीचर बंद करायचं बटण सेटिंग्समध्ये इतकं खोल पुरलंय की उत्खनन करावं लागतं.

मग आत्याबाईंचा फोन आला (नवऱ्याची आत्या, मी त्यांना आत्याबाईच म्हणते, त्यांना आवडतं). त्या म्हणाल्या एकच पान बघून काय ठरवतेस, बाकीची बघ. बरोबर होतं त्यांचं. हा माणूस सात-आठ सेन्ससमधून गेलाय, १८५१ पासून प्रत्येकात त्याला हा प्रश्न विचारलेला आहे. मी एकेक काढायला लागले आणि तिथून जी मजा सुरू झाली!

१८६१, लेस्टर: जन्म नॉरफोक (नॉरिच ज्या काउंटीत येतं ती), गाव विंडहॅम. १८८१, लेस्टर: नॉरफोक, नॉरिच. शिवाय इथे बुवांनी वय दोन वर्षांनी कमी सांगितलंय, बायको त्याच्यापेक्षा लहान होती म्हणून असेल. १८९१: नॉरफोक, परत विंडहॅम. १९०१: नॉरफोक, वायमंडहॅम, स्पेलिंग एकदम व्यवस्थित. म्हणजे पाच पानांवर तीन गावं आणि दोन काउंट्या. माणूस एकच, कारण बायको तीच, पोरांची नावं तीच, दोन वेळा तर रस्ताही तोच. सासरे म्हणाले पाचातलं एक तरी लेस्टर आहे ना. आत्याबाई म्हणाल्या चार नॉरफोक आहेत. लोकशाही.

नॉरफोकच्या नकाशात विंडहॅम नावाचं गाव मला काही दिसेना. साईटच्या सर्चमध्ये टाकलं तर तिने 'तुम्हाला अमुक म्हणायचं आहे का' करून भलतीच चार गावं दाखवली. दोन रात्री यात गेल्या. आणि उत्तर कुठे मिळालं, तर ऑफिसमध्ये! आमच्या टीममध्ये एकजण नॉरिचचा आहे, चहा करताना त्याला म्हटलं तुमच्याकडे विंडहॅम कुठे आलं रे. तो म्हणाला विंडम ना, नॉरिचपासून वीस मिनिटं, ए-अकरा हायवेवर. म्हटलं स्पेलिंग सांग. त्याने जे स्पेलिंग सांगितलं ते वायमंडहॅमचं. लिहितात वायमंडहॅम, म्हणतात विंडम! मी हातातला चहा तसाच ठेवला आणि डेस्कवर पळाले.

नॉरफोकवाल्यांची ही खोड आहे म्हणे, हॅपिसबर्ग लिहायचं आणि हेझब्रा म्हणायचं, कॉस्टेसी लिहायचं आणि कॉसी म्हणायचं. आपण हसायला नको खरं तर. आपल्या शीवचं सायन झालं, खडकीचं किर्की झालं, ते कसं झालं? कुणीतरी बोललं, आणि दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. फरक एवढाच की इथे साहेबाने साहेबाचंच ऐकून चुकीचं लिहिलंय.

हे का झालं ते कळायला सेन्सस कसा घ्यायचे ते बघावं लागतं. गणना करणारा माणूस आधीच्या आठवड्यात घरोघरी फॉर्म टाकून जायचा, रविवारी रात्री घरात कोण झोपलंय ते लिहायचं, सोमवारी तो येऊन गोळा करायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा फॉर्म हाच दारात उभा राहून विचारून भरायचा. मग घरी जाऊन सगळे फॉर्म एका मोठ्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवायचा. १९०१ पर्यंतचे मूळ फॉर्म पुढे नष्ट केले, आपल्याला साईटवर दिसतात ती पानं म्हणजे त्या वहीतली. म्हणजे विल्यमच्या तोंडून निघालेलं विंडम हे आधी एकाच्या कानातून, मग त्याच्या हातातून, मग दीडशे वर्षांनी टाईप करणाऱ्याच्या डोळ्यातून आपल्यापर्यंत आलंय. १८७१ ला काय झालं असेल याचा माझा अंदाज असा की लेस्टरच्या त्या बाबाला मेल्टनजवळचं आपलं वायमंडहॅम माहीत होतं, कॉपी करताना ते नाव दिसल्यावर त्याने काउंटी आपलीच टाकून दिली. पनवेलच्या कारकुनाला कुणी नुसतं नेरे सांगितलं तर तो विचारायला थोडीच बसणार आहे की कुठलं नेरे.

दुसरीही एक शक्यता वाचली होती ती सासऱ्यांना मुद्दाम सांगितली नाही. त्या काळात गरिबाला मदत मागायची वेळ आली तर ती त्याच्या हक्काच्या गावानेच करायची असा कायदा होता, आणि बाहेरच्या माणसाला परत त्या गावाला पाठवून देऊ शकायचे. त्यामुळे काही लोक सरकारी माणूस दारात दिसला की जन्म इथलाच सांगून मोकळे व्हायचे. विल्यमने तसं केलं असेल असं नाही वाटत, कारण आधी नॉरफोक सांगितलंय आणि नंतरही सांगितलंय. पण तुमच्या शोधात असा एखादा निघाला तर हे डोक्यात असू द्या.

आता नॉरिचचं कोडं. १८८१ ला तो नॉरिच का म्हणाला? हे मला वाटतं आपण सगळे करतो. मी इथे कुणाला वाई सांगत नाही, पुणे सांगते. समोरचा वाईला ओळखत असेल तर वाई. शिवाय तो नॉरिचला राहिलेला होताच, आणि ते कळलं पोरांच्या जन्मगावांवरून. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, आपोआप दिसली. १८६१ च्या पानावर मोठी मुलगी वय ३, जन्म नॉरिच. धाकटा ८ महिन्यांचा, जन्म लेस्टर. म्हणजे या दोघांच्या मध्ये कधीतरी, साधारण १८५८ ते ६० मध्ये, कुटुंब हललं. पोरांची जन्मगावं एकाखाली एक वाचत गेलं की बापाचा प्रवास दिसतो, बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या घरी कशी एक मुलगी सांगलीची, एक मुलगा जळगावचा, तसं. आणि का हलले तेही जुळलं: नॉरिच शूजसाठी प्रसिद्ध होतंच, पण लेस्टरमध्ये १८५३ ला थॉमस क्रिक नावाच्या माणसाने बुटाचा तळ खिळ्यांनी ठोकून बसवायचं पेटंट घेतलं आणि तिथून हा धंदा कारखान्यासारखा वाढला, हातांची गरज पडली. आत्याबाईंच्या आजीचं 'नॉरिचकडचे, शूज करणारे' हे वाक्य शंभर टक्के खरं निघालं.

राहिलं १८५१. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेव्हा तो सतरा वर्षांचा, लग्नाआधीचा, नॉरफोकमध्येच असणार. आणि हेच सापडेना! साईटवर त्याच्या नावाचे नॉरिचमध्ये तिघं, एकाचाही जन्म विंडहॅम नाही, वायमंडहॅम नाही. इथे मी सबस्क्रिप्शनवर चिडून बंद करणार होते. मग नवरा म्हणाला गाव काढून टाक, धंदा टाकून बघ. शूमेकर, शिकाऊ, वय सोळा ते अठरा. एक आला: जन्म मंडहॅम, नॉरफोक. मंडहॅम नावाचं खरंच एक वेगळं गाव आहे नॉरफोकमध्ये, नॉरिचच्या दुसऱ्या बाजूला, म्हणून टाईप करणाऱ्याला काही खटकलं नसणार. पण मूळ पानाचा फोटो उघडून मोठा केला तर मंडहॅमच्या आधी शाईचा डाग, आणि डागाच्या डाव्या कडेला एक शेपटी बाहेर आलेली. त्याच पानावर खाली दुसऱ्या कुणाचं तरी वायमंडहॅम स्वच्छ लिहिलेलं होतं, ती शेपटी आणि ही शेपटी एकच. वाय डागाखाली गेला होता! आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला, यांच्याकडे वायमंडहॅमचं मंडहॅम. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी एकटीच किचनमध्ये टाळी वाजवली.

म्हणून फोटोंना पाच. खरंच, स्कॅन उत्तम आहेत, झूम केलं की कागदाच्या रेषा दिसतात, उजेड कमी-जास्त करता येतो, मागचं-पुढचं पान उलटता येतं (हे करायचंच, शेजारी कोण राहतं त्यात मेव्हणे-साडू निघतात). टाईप केलेल्या माहितीला अडीच देतेय, पण त्यात दोष द्यायचा तर त्या अक्षरालाच द्यायला हवा, वर नंतरच्या कारकुनांनी मोजणी करताना वयांवर मारलेल्या काळ्या तिरक्या रेघा, त्यात ३ आहे का ८ हे देव जाणे. एक चांगलं सांगते, मी मंडहॅमची चूक कळवली तर काही दिवसांत त्यांनी माझी दुरुस्ती बाजूला जोडून टाकली. सर्चला तीन दिलेत ते एका कारणासाठी, नावातली मधली अक्षरं गाळून तिथे चांदणी (*) टाकता येते. आधी कळलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. गाव ऐकू येईल तसं चार प्रकारे लिहून बघायचं, आणि अडलं तर गावच काढून टाकून वय, धंदा, बायकोचं नाव यावरून यायचं. साईट तुम्हाला जास्तीत जास्त रकाने भरायला सांगते, ते ऐकू नका, रकाने जितके कमी तितकं बरं.

कुरकुर क्रमांक एक, पैसे. महिन्याला साधारण दोघांच्या इंडियन टेकअवेएवढे जातात. ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी मेल येईल असं मला वाटलं होतं, आला नाही, किंवा स्पॅममध्ये गेला असेल, आणि पंधराव्या दिवशी सहा महिन्यांचे पैसे एकदम कटले. फोन केला तर बाई गोड बोलली, अर्धे परत मिळाले, पण त्यासाठी चाळीस मिनिटं ते पियानोचं गाणं ऐकलं. फोनमध्ये रिमाइंडर लावूनच ट्रायल घ्या.

दुसरी कुरकुर म्हणजे यातलं बरंचसं फुकट मिळतं हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. १८८१ चा सेन्सस सगळा स्वयंसेवकांनी उतरवून ठेवलाय आणि तो फॅमिलीसर्च नावाच्या साईटवर फुकट शोधता येतो. फ्रीसेन नावाची साईट आहे, तिथे काही काउंट्या छान भरल्यात, काही अर्धवट, पण एक रुपया लागत नाही, सॉरी, पेनी. आणि इथल्या बऱ्याच पब्लिक लायब्ऱ्यांत या महागड्या साईटी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसून फुकट बघता येतात. मला हे कुणी सांगितलं, तर सासूबाईंनी, चौथ्या महिन्यात, विणता विणता. म्हटलं आधी का नाही सांगितलंत. म्हणाल्या तू विचारलं नाहीस.

तर विंडम नक्की झालं, आता बाप्तिस्म्याची नोंद. जन्मदाखला नाही मिळणार, कारण सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली आणि हे साधारण १८३३-३४ चे. त्याआधी चर्चचं रजिस्टर. १८१३ पासून छापील रकान्यांची रजिस्टरं आली, त्यात आई-बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असतो, हे फार उपयोगी पडलं. कारण फ्रीरेग नावाच्या अजून एका फुकट साईटवर (नॉरफोकचं बरंच काम झालंय तिथे) वायमंडहॅमच्या मोठ्या चर्चमध्ये, ते दोन मनोरेवालं ॲबी, तीन वर्षांत या एकाच नावाचे तीन विल्यम निघाले. आता यातला आमचा कुठला? एकाचा बाप मजूर, एकाचा विणकर, एकाचा सुतार.

इथे सेन्सस संपतो आणि लग्नाचा दाखला कामाला येतो. इंग्लंडच्या जुन्या लग्नाच्या दाखल्यात जन्मगाव नसतं पण बापाचं नाव आणि धंदा असतो. तो सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसकडून मागवला, साडेबारा पौंड, पोस्टाने आला. नॉरिच, १८५६, विल्यम, शूमेकर, बापाचा धंदा विणकर. सहीच्या जागी फुली, बाजूला 'यांची खूण' असं दुसऱ्याच्या अक्षरात. मग परत १८४१ ला गेले, पेन्सिलीच्या त्या पुसट पानावर वायमंडहॅममध्ये एक विणकर, वय ३० म्हणजे तीस ते चौतीस काहीही, एक बाई, तीन पोरं, त्यात विल्यम ७, सगळ्यांपुढे 'याच काउंटीत जन्म: हो'. नातं लिहिलेलं नाही, पण तीन पोरांची नावं आणि विणकर विल्यमच्या भावंडांचे बाप्तिस्मे ओळीने जुळले. हातमागाचा धंदा तेव्हा तिथे उतरणीला लागला होता, पोरगा नॉरिचला जाऊन चपला शिवायला का लागला ते वेगळं विचारायला नको.

एक मध्येच सांगायचं राहिलं. वायमंडहॅमच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधताना जिल्हा 'वायमंडहॅम' टाकून काही येणार नाही, त्या नोंदणीच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा फोरहो होतं. मी विल्यमच्या धाकट्या बहिणीची जन्मनोंद शोधताना यात अडकले होते. हे म्हणजे अलिबागचा जुना कागद रायगड जिल्ह्यात शोधायचा आणि तो कुलाबा जिल्ह्यात असायचा.

आणि आता ज्यासाठी पैसे वसूल झाले ते पान. १९११ चा सेन्सस वेगळा आहे, त्यात वहीतली नक्कल नाही, घरच्यांनी स्वतः भरलेला फॉर्मच जपून ठेवलाय. विल्यम तेव्हा ७७, विधुर, सोबत एक मुलगी. फॉर्म त्याने स्वतः भरलाय, खालची सही आणि वरचं अक्षर एकच, थरथरतं, ओळ सोडून वर चढत गेलेलं. १८५६ ला फुली मारणारा माणूस मधे कधीतरी लिहायला शिकलाय. जन्मगावाच्या रकान्यात त्याने जे लिहिलंय ते विंडहॅम नाही, वायमंडहॅम नाही, नॉरिच तर नाहीच. त्याने अक्षराला अक्षर लावून लिहिलंय विंडम. ही पहिली वेळ होती की त्याच्या आणि कागदाच्या मध्ये दुसरं कुणी नव्हतं. सासऱ्यांना टॅब्लेटवर ते पान दाखवलं, त्यांनी बोटांनी मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. मग म्हणाले, हे माझ्या वडिलांच्या अक्षरासारखं आहे. बाकी काही बोलले नाहीत. बहिणीला मात्र संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला, आणि चाळीस मिनिटं दोघं नीट बोलले.

ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळे गाडीने गेलो. लेस्टरहून तीन तास लागले, मधे जेवलो. गाडीतली नॅव्हिगेशनवाली बाई पूर्ण रस्ताभर वायमंडहॅम वायमंडहॅम करत होती आणि सासरे दर वेळी मागच्या सीटवरून ओरडत होते, विंडम! गाव छान आहे, मधोमध लाकडी खांबांवर उभा असलेला १६१८ च्या सुमाराचा मार्केट क्रॉस (जुन्या बाजाराची छोटी इमारत), ॲबीचे दोन मनोरे लांबून दिसतात. १५४९ च्या शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी रॉबर्ट केट इथलाच, त्याच्या भावाला त्यातल्याच एका मनोऱ्यावर फाशी दिलं होतं. सासऱ्यांना हे तिथल्या पाटीवर वाचून फार अभिमान वाटला, जणू यांचा चुलताच. विल्यमचं घर वगैरे काही नाही सापडलं, तशी अपेक्षाही नव्हती. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिने मनोरे बघितले आणि पहिला प्रश्न केला, ग्रामदैवत कुठलं यांचं?

सबस्क्रिप्शन परवा बंद केलं. बंद करताना तीन वेळा 'नक्की ना' विचारतात, आणि चौथ्या पानावर निम्म्या किमतीत परत या म्हणतात, हे माहीत असतं तर पहिल्या महिन्यातच बंद करायचं नाटक केलं असतं. आता सासूबाईंनी सांगितलंय माझ्याकडचं पण बघ. त्यांच्या आजीच्या आजीपुढे चारही सेन्ससमध्ये जन्मगावाच्या रकान्यात एकच शब्द आहे, आयर्लंड, गाव नाही, काउंटी नाही. मी सध्या लायब्ररीचं कार्ड शोधतेय.